पिलर नऊ

रविवारी सातला पिलर नंबर नऊपाशी पुठ्ठा अंथरते,
फ्रिजच्या खोक्याचा, तेल पिऊन मऊ झालेला,
आणि पाठीवर सरकत गाडीखाली जाते.

इथून माणसं दिसत नाहीत, फक्त पायताणं.
पांढरे कॅनव्हासचे बूट म्हणजे सेक्रेटरी टिपणीस.
"मॅडम, गेल्या वेळचा डाग अजून गेलेला नाही."
भुसा टाकलाय, मी म्हणते.
बूट थोडा वेळ थांबतात, मग जातात.

गाडी दोन हजार चारची. टर्बो.
ऑर्लेमच्या ग्लेन डिमेलोनं तिच्या मेंदूतले आकडे बदलले
आणि तो कॅनडाला गेला. पासवर्डही गेला.
पेट्रोलच्या झाकणाआड त्याची चिठ्ठी अजून चिकटलेली:
हिला साधं पाजू नका.

सोमवार ते शनिवार मी विम्याची सर्व्हेयर.
चेपलेल्या, जळलेल्या, पुरात बुडालेल्या गाड्यांभोवती फिरते
आणि फॉर्मवर लिहिते, टोटल लॉस.
हिच्याबद्दलही कुणीतरी तेच लिहिलं होतं.
अक्षर माझं होतं का,
ते फाईल काढून मी पाहिलेलं नाही.

तेल कोमट असतानाच सोडायचं.
थंड झालं की गाळ तळाशी हटून बसतो.
बोल्ट शेवटच्या आट्यावर आला की हात मागे घ्यायचा,
हे कुणी शिकवलं नाही,
कोपरापर्यंत ओघळलेल्या तेलानं शिकवलं.
गोडेतेलाच्या डब्यात काळी दोरी पडत राहते,
मग थेंब,
मग मोजता येतील असे थेंब.
तांब्याचे वॉशर कुर्ल्याच्या इद्रिसभाईंनी दोन दिले,
पैसे एकाचेच घेतले. एक हातातून पडणारच, म्हणाले.
पडला.

खरं दुखणं निराळं.
तीन आठवडे काटा शून्य पॉइंट चारपाशी रेंगाळतोय,
पेडल दाबलं की आत कुठेतरी बारीक सुस्कारा.
गॅरेजवाल्यानं बॉनेटही न उघडता सांगितलं,
टर्बो गेला, चाळीस हजार.

मी हार्डवेअरच्या दुकानातून पाइपाचं टोपण आणलं,
त्याला सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह बसवला,
टर्बोच्या तोंडावर आवळला.
तिसऱ्या मजल्यावरचा ओजस पंप मारतो. वय अकरा.
मी भांड्याच्या साबणाचं पाणी शिंपडत जाते,
सांध्यावर, नळीवर, वळणावर.
"मावशी, हात दुखतोय."
"दुसऱ्या हातानं मार."

आणि मग इंटरकूलरच्या मागे,
जिथे बोटंच पोचतात, नजर नाही, तिथे आरसा धरला तर
एक बुडबुडा.
फुगतो, फुटतो.
पुन्हा तिथेच फुगतो.

ओजस टॉर्च घेऊन वाकतो. "एवढंसंच?"
एवढंसंच. पस्तीस रुपयांची जुबली क्लिप,
दीड आटा सैल.
ओजसला हे पटत नाही. काहीतरी मोठं मोडलेलं असायला हवं होतं.

सोमवारी पहाटे साडेचार, ऐरोलीचा पूल.
गिअर तिसरा. काटा चढतो, पॉइंट सहा, पॉइंट आठ,
सीट पाठीवर थाप मारते,
खाडीचा वास काचेतून सपकन आत येतो.
अकरा सेकंद.
मग पुढे सिमेंटच्या मिक्सरचे लाल दिवे, आणि ब्रेक.
या शहरात तिच्या वाट्याला एवढंच.

परतल्यावर लगेच बंद करायची नाही.
टर्बो तापलेला असतो, तेल फिरतं राहायला हवं.
पिलर नऊपाशी दिवे विझवून, इंजिन चालू ठेवून
मी स्टिअरिंगवर हात टेकून बसते. एक मिनिट. दोन.

पांढरे बूट येतात. आज वर माणूसही दिसतो,
कानटोपीत, फिरायला निघालेला.
टिपणीस बॉनेटकडे कान देऊन उभे राहतात.
"ते फुसफुसणं गेलं वाटतं," म्हणतात.

मी मान हलवते.

"डाग मात्र आहे," ते म्हणतात,
आणि तरी निघत नाहीत,
मी चावी फिरवेपर्यंत.